अर्क व्हिटॅमिन सी पेक्षा भारी आला? आधी व्हिटॅमिन सी तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.एस्सी.चं प्रोजेक्ट आहे, जांभळाच्या बियांची पावडर तीन दिवस मेथनॉलमध्ये भिजवून अर्क काढला, एक मिली अर्कात तीन मिली ०.१ मिलीमोलर डीपीपीएच घालून अर्ध्या तासाने ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घेतलं. अर्काचा आयसी-५० (निम्मा डीपीपीएच संपवायला लागणारं प्रमाण, जितकं कमी तितका माल जोरदार) आला ३१ मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि व्हिटॅमिन सी चा ४८. फोलिन अभिकारकाने टोटल फिनॉल आलं ९२ मिलीग्रॅम गॅलिक अ‍ॅसिड इक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम अर्क. सॅम्पल जीसी-एमएसला (वाफ होणारी संयुगं वेगळी करून ओळखणारं यंत्र) पाठवलं तर २६ संयुगांची यादी आली. आणि आता गाईड म्हणतायत की "अर्क स्टँडर्डपेक्षा सरस, मधुमेहात उपयुक्त" असं लिहून मोकळे व्हा, पण तुम्हाला वाटतंय की हे इतकं सरळ नसावं.

नाहीच आहे सरळ. तुमचा अर्क चांगला आहे, पण व्हिटॅमिन सी पेक्षा भारी वगैरे अजिबात नाही. तुमचं व्हिटॅमिन सी मेलेलं आहे. हे मी इथे बसून, तुमची लॅब न बघता कसं सांगतोय ते बघा, कारण हा हिशोब एकदा जमला की निम्मे पेपर वाचतानाच तुम्हाला हसू येईल.

डीपीपीएच हा एक स्थिर रॅडिकल आहे, जांभळा रंग, कोणी इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की फिकट पिवळा होतो. एवढंच. व्हिटॅमिन सी चा एक रेणू साधारण दोन डीपीपीएच रेणू संपवतो. आता तुमच्या ट्यूबमध्ये एकूण चार मिली आहे, म्हणजे डीपीपीएच ०.१ राहिला नाही, ०.०७५ मिलीमोलर झाला, म्हणजे ७५ मायक्रोमोलर. त्यातला अर्धा संपवायचा म्हणजे ३७.५ मायक्रोमोलर, त्याला व्हिटॅमिन सी लागेल त्याच्या निम्मं, १८.७५ मायक्रोमोलर. रेणूभार १७६ ने गुणा, आलं ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हे झालं ट्यूबमधलं फायनल कॉन्सन्ट्रेशन. तुम्ही बहुतेक मिसळण्याआधीच्या द्रावणाचं कॉन्सन्ट्रेशन लिहिलंय (तसं बरेच जण लिहितात आणि सांगत नाहीत), तर चारने गुणा, १३ च्या आसपास. म्हणजे तुमच्या पद्धतीत व्हिटॅमिन सी १३ च्या आसपास यायलाच पाहिजे, कारण ते रसायनशास्त्राच्या हिशोबानेच ठरतं, त्यात लॅबचं नशीब वगैरे काही नसतं. तुमचं आलं ४८, म्हणजे साडेतीन पटीपेक्षा जास्त घसरलेलं, म्हणजे तुम्ही जे व्हिटॅमिन सी म्हणून ट्यूबमध्ये टाकलं त्यातला पाऊण भाग आधीच ऑक्सिडाइज होऊन गेलेला होता, किंवा वजनात किंवा डायल्युशनमध्ये गडबड आहे.

एक शक्यता अशीही असते की डीपीपीएच जास्त तीव्र बनलं असेल. ते कंट्रोलच्या (अर्क न घातलेल्या ट्यूबच्या) रीडिंगवरून कळतं. ७५ मायक्रोमोलर डीपीपीएचचा अ‍ॅब्सॉर्बन्स मेथनॉलमध्ये साधारण ०.८ ते ०.९ यायला हवा. तुमचा कंट्रोल तेवढा असेल तर डीपीपीएच निर्दोष, दोष स्टँडर्डचाच. व्हिटॅमिन सी चं पाण्यातलं द्रावण, त्यात तांबं किंवा लोह अगदी नावापुरतं जरी असलं तरी काही तासांत उतरतं, आणि आदल्या दिवशी बनवून फ्रीजमध्ये ठेवलेलं द्रावण वापरायची सवय सगळीकडे आहे. त्यामुळे ताजं बनवा, बर्फावर ठेवा, तासाभरात संपवा, आणि सोबत ट्रोलॉक्स (व्हिटॅमिन ई सारखा कृत्रिम रेणू) हा दुसरा स्टँडर्ड चालवा. तो जास्त टिकाऊ आहे, त्याचेही दोनच डीपीपीएच संपतात, रेणूभार २५० धरा आणि त्याचा अपेक्षित आकडा स्वतः काढून बघा. दोन्ही स्टँडर्ड हिशोबाप्रमाणे आले की मग अर्काकडे वळायचं, त्याआधी नाही.

आता अर्काचा ३१ हा आकडा खरा आहे का? तो तुमच्याच फोलिनच्या आकड्यावरून तपासता येतो. गॅलिक अ‍ॅसिड व्हिटॅमिन सी पेक्षा जास्त डीपीपीएच खातं, एका रेणूमागे चार-पाचच्या घरात, म्हणजे तुमच्या पद्धतीने त्याचा आयसी-५० साधारण ५ च्या आसपास येईल. तुमच्या अर्कात ९.२ टक्के "गॅलिकसारखं" काहीतरी आहे. ५ ला ०.०९२ ने भागा, येतात ५४-५५. तुमचे आले ३१. म्हणजे अपेक्षेपेक्षा थोडे बरे, पण अशक्य नाही, टॅनिनचे (तुरट चवीच्या मोठ्या फिनॉलांचे) रेणू फोलिनमध्ये आणि डीपीपीएचमध्ये सारखेच वागतात असं नाही त्यामुळे दीड-दोन पटीचा फरक पडतोच. हा आकडा जर ३ आला असता तर मी म्हटलं असतं की कुठेतरी चुकतंय, कारण ९ टक्के फिनॉलवाला अर्क शुद्ध गॅलिक अ‍ॅसिडला हरवूच शकत नाही. तर निष्कर्ष असा की तुमचा अर्क वजनाला वजन धरलं तर व्हिटॅमिन सी च्या अडीच पट कमजोर आहे, आणि कच्च्या अर्कासाठी हे खरं सांगायचं तर उत्तम आहे! कच्च्या अर्कात साखर, क्षार, काय काय असतं, त्यातला दहावा भाग एवढं काम करतोय म्हणजे तो दहावा भाग दमदार आहे. इथेच खरी मजा आहे, तो भाग कोण आहे ते शोधण्यात.

त्याआधी डीपीपीएचच्या दोन-चार खोड्या सांगतो. एक, सॅम्पल ब्लँक. अर्क तपकिरी असतो, तो स्वतः ५१७ ला शोषतो, त्यामुळे प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला अर्क अधिक नुसतं मेथनॉल असा वेगळा ब्लँक लावून तो वजा करायचा. दुसरी म्हणजे गढूळपणा, आणि हे बियांच्या बाबतीत फार होतं कारण बियांत तेल असतं. कलौंजीत ३० ते ४० टक्के तेल असतं, ते हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरने आधी काढलं नाही तर मेथनॉलमध्ये बारीक थेंब राहतात, प्रकाश विखुरतो, रीडिंग वाढतं आणि अर्क उगाच कमजोर दिसतो. जांभळाच्या बीत तेल फारच कमी, तुम्हाला तो त्रास नाही. मेथी किंवा अळीव करणाऱ्यांना वेगळा त्रास, तिथे चिकट म्युसिलेज असतं, मेथीत गॅलॅक्टोमॅनन, पाण्यात टाकलं की सगळं जेलीसारखं होऊन फिल्टर बंद, म्हणून तिथे ७०-८० टक्के अल्कोहोल वापरायचं म्हणजे ते फुगतच नाही. आणि डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही हे लक्षात ठेवा, पाण्यातला अर्क जास्त घातला की डीपीपीएचचे कण बाहेर पडतात, रंग उतरतो, आणि आपल्याला वाटतं वा काय अ‍ॅक्टिव्हिटी आहे.

वेळेचंही बघा. व्हिटॅमिन सी मिनिटाच्या आत-बाहेर काम उरकतं. टॅनिन मोठे, जडशीळ रेणू, डीपीपीएचच्या मधल्या नायट्रोजनपर्यंत पोचायला त्यांना अडचण होते, ते तास तास चालू राहतात. तुम्ही ३० मिनिटांनी थांबलात म्हणजे एकाची शर्यत संपली आहे आणि दुसरा अजून पळतोय. १, ५, १५, ३०, ६० मिनिटांची रीडिंग घेऊन आलेख काढा, अर्क कधी सपाट होतो ते बघा आणि तसं लिहा. झाकून ठेवा, डीपीपीएच प्रकाशात स्वतःच मरतो.

फोलिनबद्दल. लोक त्याला "टोटल फिनॉल" म्हणतात पण तो अभिकारक इलेक्ट्रॉन देणाऱ्या कोणालाही ओळखतो, व्हिटॅमिन सी, टायरोसिन असलेली प्रथिनं, काही साखरा, सगळे निळा रंग देतात. १९२७ साली फोलिन आणि सिओकाल्टो यांनी तो काढला तोच मुळी प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला, वनस्पतीतल्या फिनॉलसाठी तो नंतर १९६५ च्या सिंगलटन-रॉसी पद्धतीने रूढ झाला. बिया म्हणजे प्रथिनांचं कोठार, त्यामुळे बियांच्या पाण्यातल्या अर्कात फोलिनचा आकडा फुगतो. मेथनॉलमध्ये प्रथिनं फारशी येत नाहीत म्हणून तुमचं तसं बरं आहे. आणि दुसरी गोष्ट, फोलिन आणि डीपीपीएच दोन्ही मूळात एकच गोष्ट मोजतात, इलेक्ट्रॉन द्यायची तयारी, त्यामुळे पेपरात "फिनॉल आणि अँटिऑक्सिडंट क्रियेत घट्ट संबंध आढळला, आर स्क्वेअर ०.९७" असं लिहितात तेव्हा तो शोध नसतो. एकाच माणसाला दोन वजनकाट्यांवर उभं केल्यासारखं आहे ते.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने फ्लॅव्होनॉइड काढायला सांगतील, काढा, पण ४१५ ला क्वेर्सेटिनच्या स्टँडर्डने जे येतं ते फक्त फ्लॅव्होन आणि फ्लॅव्होनॉल. कॅटेचिन, प्रोअँथोसायनिडिन, एलॅजिटॅनिन हे त्याला दिसतच नाहीत. जांभळाच्या बीत मुख्य माल टॅनिनचा, त्यामुळे तुमचा फ्लॅव्होनॉइडचा आकडा लहान येईल आणि तो तसाच यायला हवा, घाबरून पद्धत बदलू नका.

आता जीसी-एमएसची यादी. तुमची २६ नावं मी पाहिली नाहीत पण त्यात हेक्झाडेकॅनॉइक अ‍ॅसिड, त्याचा मिथाइल इस्टर, ओलेइक, लिनोलेइक, स्टेरॉल, आणि एखादं थॅलेट असणार यावर मी पैज लावायला तयार आहे. जीसीमध्ये तेच जातं जे तापवल्यावर वाफ होऊन उडतं. गॅलिक अ‍ॅसिड, एलॅजिक अ‍ॅसिड, टॅनिन, फ्लॅव्होनॉइड ग्लायकोसाइड हे उडत नाहीत, डेरिव्हेटायझेशन केल्याशिवाय तर नाहीच, आणि टॅनिन तसं करूनही नाही. म्हणजे जी संयुगं तुमच्या डीपीपीएचचा रंग मुख्यतः घालवतायत ती त्या यादीत असण्याची शक्यता फारच कमी. मग त्या यादीसमोर जी कॉलम भरलेली असते ना, "अँटिऑक्सिडंट, कॅन्सररोधी, दाहरोधी", ती सगळी दुसऱ्याच्या टेबलवरून तिसऱ्याने उचललेली असते. मिथाइल इस्टर तर पुष्कळदा मेथनॉलमध्ये फॅटी अ‍ॅसिड बसून राहिल्यामुळेच तयार झालेले असतात, बीत नसतातच. आणि थॅलेट हे प्लास्टिकमधून आलेलं असतं, टिप, पाइप, बाटलीचं झाकण, त्याला "वनस्पतीजन्य जैवसक्रिय संयुग" म्हणून छापलेले पेपर पैशाला पासरी आहेत. सॉल्व्हंटचा ब्लँक जीसीला चालवला होता का ते विचारा. नसेल तर ती यादी परिशिष्टात टाका आणि तिच्यावर एकही निष्कर्ष उभा करू नका.

मग कोण आहे ते कसं शोधायचं? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारी पद्धत टीएलसी किंवा एचपीटीएलसी प्लेट. सिलिका प्लेटवर अर्क, शेजारी गॅलिक आणि एलॅजिक अ‍ॅसिडचे ठिपके, टोल्युइन, इथाइल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक अ‍ॅसिड आणि किंचित मेथनॉल अशा मिश्रणात चालवा, प्लेट नीट वाळवा (फॉर्मिक अ‍ॅसिडचा वास गेला पाहिजे), मग डीपीपीएचचं मेथनॉलमधलं द्रावण फवारा. जांभळ्या प्लेटवर जिथे पिवळे ठिपके उमटतील तिथे तुमचे कामकरी रेणू. कुठला ठिपका गॅलिकच्या उंचीला, कुठला एलॅजिकच्या, आणि खाली सुरुवातीच्या रेषेजवळ जो जाड पिवळा पट्टा राहतो तो मोठ्या टॅनिनचा. हा एक फोटो २६ नावांच्या यादीपेक्षा थीसिसमध्ये जास्त बोलेल.

त्यानंतर एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), सी-१८ कॉलम, पाण्यात ०.१ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटोनायट्राइलचा ग्रेडियंट, गॅलिक २८० ला बघा आणि एलॅजिक २५४ ला. एलॅजिक अ‍ॅसिड मेथनॉलमध्ये नीट विरघळत नाही, स्टँडर्ड डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये बनवावं लागतं. फक्त डीएमएसओ हायड्रॉक्सिल रॅडिकल स्वतःच खातो, त्यामुळे उद्या कोणी हायड्रॉक्सिल रॅडिकलची टेस्ट करा म्हटलं तर डीएमएसओ किंवा अल्कोहोलमधला अर्क तिथे नेऊ नका, सॉल्व्हंटचीच अ‍ॅक्टिव्हिटी मोजली जाते. जांभळाच्या बीतून गॅलिक आणि एलॅजिक अ‍ॅसिड, कोरिलॅगिन, गॅलॉइल ग्लुकोज असे रेणू मिळाल्याचं प्रसिद्ध आहे. त्यातलं काय मूळ आणि काय तुमच्या प्रक्रियेतून सुटलं हे मात्र तपासा, कारण एलॅजिटॅनिन तापवले की तुटून एलॅजिक अ‍ॅसिड मोकळं होतं, तुम्ही अर्क आटवायची रोटरी ६० अंशांवर चालवली असेल तर एलॅजिक वाढलेलं दिसेल. ४० च्या खाली ठेवा.

मग एक छोटा प्रयोग जो फार कमी जण करतात आणि मला फार आवडतो. एचपीएलसीत जितकं गॅलिक आणि जितकं एलॅजिक सापडलं तितकंच शुद्ध स्टँडर्डचं मिश्रण बनवा आणि त्याचा डीपीपीएच घ्या. मिश्रणाने अर्काचं ३० टक्के काम केलं, तर उरलेलं ७० टक्के कोणीतरी दुसरा करतोय, बहुधा टॅनिन, आणि ते पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) काढून टाकून परत मोजा. टॅनिन काढल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी कोसळली की गुन्हेगार सापडला. यात कुठलंही महागडं यंत्र नाही, आणि "अर्क चांगला आहे" याऐवजी "अर्कातलं अमुक इतकं काम अमुक गटामुळे होतंय" असं वाक्य लिहिता येतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर गाईडशी वाद घालावा लागेल. डीपीपीएचचा आकडा आणि औषधी गुण यांचा संबंध आपण समजतो तितका नसतो, आणि बियांच्या जगात याची उदाहरणं ढीगभर. मेथीच घ्या. मेथीच्या बीचा रक्तातल्या साखरेशी जो संबंध अभ्यासला गेलाय त्यात नावं येतात ती गॅलॅक्टोमॅननचं फायबर, ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन हे अमिनो आम्ल जे ग्लुकोज असताना इन्सुलिन स्रवायला मदत करतं, आणि ट्रायगोनेलिन. या तिघांतला एकही डीपीपीएचला हात लावत नाही! डीपीपीएच बघून मेथीची सर्वोत्तम जात निवडली तर तुम्ही भलत्याच रेणूसाठी निवड करत असाल. कलौंजीतलं थायमोक्विनोन घ्या, तो क्विनोन आहे, द्यायला फिनॉलिक हायड्रोजनच नाही, डीपीपीएचमध्ये मंद, पण पेशीत त्याचं थायमोहायड्रोक्विनोन होतं आणि ते चांगलं अँटिऑक्सिडंट. मिल्क थिसलच्या सिलिबिनचं तसंच, विषारी अमॅनिटा अळंबी खाल्लेल्या रुग्णांना ते शिरेतून देतात, आणि डीपीपीएचमध्ये क्वेर्सेटिनपुढे ते अगदीच किरकोळ वाटतं. तिळातल्या सेसमिनला मोकळा फिनॉल गट नाही, भाजल्यावर सेसमोलिनपासून जे सेसमोल सुटतं ते डीपीपीएचमध्ये चमकतं. जवसातलं लिग्नन एसडीजी तर साखळीत अडकलेलं असतं, अल्कली हायड्रोलिसिस केल्याशिवाय साध्या मेथनॉल अर्कात मोकळं दिसतच नाही, आणि शरीरात त्याचं काम आतड्यातले जिवाणू त्याला एन्टरोलॅक्टोन बनवतात तेव्हा सुरू होतं.

उलट उदाहरण खाजकुयली. तिचा अर्क डीपीपीएच आणि फोलिन दोन्हीत जबरदस्त येतो कारण बीत काही टक्के एल-डोपा असतं, ते कॅटेकॉल आहे, इलेक्ट्रॉन द्यायला एका पायावर तयार. पण एल-डोपा म्हणजे पार्किन्सनचं खरंखुरं औषध, मात्रा आणि दुष्परिणाम असलेलं. त्या बीवर "उत्तम अँटिऑक्सिडंट" असं लेबल लावून कोणी चमचे भरून खायला सुचवलं तर ते धोक्याचं आहे, आणि आकडा मात्र सुंदर.

मधुमेहाकडे येतो, कारण जांभूळ बी म्हटलं की पुढचं पाऊल अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसायडेज या पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमना अर्क रोखतो का ते बघणं हेच असतं. करा, पण डोळे उघडे ठेवून. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतात आणि त्याला खाली बसवतात, एन्झाइमही प्रथिनच, त्यामुळे टॅनिनवाला कुठलाही अर्क कुठल्याही एन्झाइमला "रोखतो". हे खास आहे की नुसती चिकटाचिकटी आहे ते बघायला मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गायीच्या रक्तातलं साधं प्रथिन) घालून परत मोजा, इनहिबिशन गायब झालं तर ती चिकटाचिकटीच होती. शिवाय अल्फा-ग्लुकोसायडेज सहसा यीस्टचं विकत मिळतं, आणि अकार्बोज हे मधुमेहाचं औषध यीस्टच्या एन्झाइमवर फारच कमजोर चालतं, माणसाच्या आतड्यातल्या एन्झाइमवर ते जोरदार चालतं. म्हणून "आमचा अर्क अकार्बोजपेक्षा कित्येक पट प्रभावी" असे पेपर इतके दिसतात. तुमच्या मेलेल्या व्हिटॅमिन सी चाच भाऊ आहे हा.

पुढे कोणी पेशींवर प्रयोग करायला सुचवलं तर तिथेही सापळे. पॉलिफिनॉल कल्चर मीडियममध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी भिडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने २००० साली हे चहातल्या ईजीसीजी, क्वेर्सेटिन वगैरेंबाबत दाखवलं, त्यामुळे पेशी मरतात त्या अर्काने की बाटलीत बनलेल्या पेरॉक्साइडने हे कॅटॅलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घालून बघावं लागतं. आणि एमटीटीचा (जिवंत पेशी मोजायच्या टेस्टचा) रंग पॉलिफिनॉल पेशींशिवायही पाडतात, म्हणून पेशी नसलेला कंट्रोल लागतोच.

शरीराचं गणित तर अजूनच वेगळं. पोटात गेलेले एलॅजिटॅनिन आख्खे रक्तात जात नाहीत, ते तुटतात, मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचे युरोलिथिन बनवतात, आणि सगळ्यांच्या पोटात ते जिवाणू नसतात म्हणून सगळ्यांत ते बनतही नाहीत. रक्तात पॉलिफिनॉलची पातळी साधारण नॅनोमोलर ते थोडे मायक्रोमोलर, तीही ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडलेल्या रूपात. त्याच रक्तात युरिक अ‍ॅसिड २०० ते ४०० मायक्रोमोलर आधीच फिरतंय आणि तेही अँटिऑक्सिडंटच आहे. मग एक मायक्रोमोलरने रॅडिकल "खाऊन" काय फरक पडणार? जो परिणाम होत असेल तो बहुतेक दुसऱ्या वाटेने, म्हणजे पेशीतल्या कीप-१ आणि एनआरएफ-२ या प्रथिनांच्या जोडीला थोडं डिवचून शरीराची स्वतःची संरक्षक एन्झाइम वाढवण्याने, किंवा आतड्यातच, शोषणाआधी. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅक (परीक्षानळीतल्या आणखी एका अँटिऑक्सिडंट टेस्टच्या) आकड्यांचा डेटाबेस २०१२ मध्ये काढून टाकला तो याच कारणाने, ते आकडे आरोग्याशी जोडता येत नाहीत आणि जाहिरातीत गैरवापर होतो म्हणून. आणि फिनलंडच्या एटीबीसी चाचणीत, १९९४, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच हे गृहीत धरून प्रस्तावना लिहू नका एवढंच.

याचा अर्थ डीपीपीएच फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. अर्काच्या वेगवेगळ्या बॅच सारख्या आहेत का, कुठलं सॉल्व्हंट जास्त माल काढतं, साठवणीत अर्क उतरतोय का, कॉलमचा कुठला फ्रॅक्शन पुढे न्यायचा, या कामांना त्याच्याइतकं स्वस्त आणि झटपट दुसरं काही नाही, मी स्वतः रोज वापरतो. सोबत अशाच दुसऱ्या दोन टेस्ट करा, फ्रॅप, ५९३ नॅनोमीटर, पीएच ३.६, आणि एबीटीएस ७३४ ला, तो पाण्यातही चालतो. तिन्हींमध्ये क्रम सारखा आला तर बोलायला बळ येतं.

थीसिससाठी लगेच करायच्या गोष्टी. स्टँडर्ड ताजे करून डीपीपीएच पुन्हा, आयसी-५० फायनल ट्यूबमधल्या कॉन्सन्ट्रेशनवर द्या आणि तसं स्पष्ट लिहा, सोबत ट्रोलॉक्स इक्विव्हॅलंटही द्या म्हणजे दुसऱ्याला तुलना करता येईल. अर्काचा उतारा (बियांच्या वजनातून किती अर्क मिळाला) किती टक्के ते द्या, कारण प्रति ग्रॅम अर्क आणि प्रति ग्रॅम बी हे आकडे पूर्ण वेगळे, कमी उतारा आणि जास्त तीव्रता असलेला अर्क प्रत्यक्षात कमी माल देतो. एकाच अर्काची तीन रीडिंग म्हणजे तीन रेप्लिकेट होत नाहीत, ते पिपेटिंगचं मोजमाप झालं, बियांच्या निदान तीन वेगळ्या लॉटमधून तीन वेगळे अर्क काढा आणि मग एरर बार द्या. बी कुठल्या झाडाची, कधी गोळा केली, वनस्पतीशास्त्रज्ञाने ओळख पटवलेला हर्बेरियम नमुना क्रमांक, हे नसेल तर चांगलं जर्नल पहिल्याच पानावर परत पाठवतं. आणि "+++" वाली फायटोकेमिकल टेस्टची टेबल द्यायचीच असेल तर द्या पण फेस आला म्हणजे सॅपोनिन असं ठाम लिहू नका, प्रथिनांनीही फेस येतो.

गाईडना कसं सांगायचं हाही प्रश्न असेलच. वाद घालू नका, वरचा व्हिटॅमिन सी चा हिशोब एका कागदावर मांडून, सोबत तुमच्या कंट्रोलचं रीडिंग लिहून न्या आणि "सर, स्टँडर्ड १३ च्या आसपास यायला हवा होता, ४८ आलाय, पुन्हा करू का" एवढंच विचारा. आकडा समोर असला की बहुतेक जण स्वतःच म्हणतात कर म्हणून. पुन्हा केल्यावर व्हिटॅमिन सी १२ ते १५ मध्ये आलं आणि अर्क ३० च्या आसपासच राहिला तर इथे कळवा, मग पीव्हीपीपीचं प्रमाण किती घ्यायचं आणि प्लेट कशी चालवायची ते तुमच्या सॅम्पलप्रमाणे बघू.